एकाच सावलीत

नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, लागायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. सकाळी सहाच्या सुमारास मी अंबाझरीच्या मागच्या रानात पळसाच्या झुडपांपाशी उभी होते. नवरंगाची शीळ ऐकू येत होती. हा पक्षी मेच्या अखेरीस आमच्याकडे येतो आणि पहाटे-संध्याकाळी झाडीतून शीळ घालत राहतो. दिसतो मात्र क्वचित. म्हणून दुर्बीण डोळ्याला लावून मी अगदी पुतळ्यासारखी थांबले होते. आणि नेमकी तेव्हाच पोटरीत तापलेली सुई घुसली, तीही सलवारीच्या कापडातून. हात खाली जाईपर्यंत गोमाशी उडालेली. कापडावर तेवढा रक्ताचा एक ठिपका उमटला. त्या धडपडीत नवरंगही गप्प झाला तो झालाच.

मला राग आला. वर्षभर वाट पाहावी आणि एका माशीने ती सकाळ घालवावी, याचा येतो तसा राग. पोटरी चोळत दगडावर बसले, बाटलीतल्या पाण्याने जखम धुतली. मग मनात आलं की सहा वाजता मी इथे का आहे? कारण साडेआठनंतर इथे उभं राहता येणार नाही. पारा 45 च्या पुढे जाणार, वारा भट्टीतून आल्यासारखा येणार, आणि संध्याकाळी साडेसहापर्यंत नागपूरचा माणूस घराबाहेर पडला तर केवळ नाइलाजाने. उरतो तो पहाटेचा आणि दिवेलागणीचा तुकडा. माशीचंही तेच आहे. एवढ्याशा देहाला ऊन फार लवकर सुकवतं. शरीर जितकं लहान, तितकं त्यातलं पाणी पटकन उडतं. त्यामुळे भर दुपारी तीही पानाखाली, बुंध्याच्या सावलीच्या बाजूला बसून राहते. उन्हाळा आम्हाला वेगळं करत नाही. हाकत हाकत एकाच वेळेवर, एकाच पाणवठ्यावर, एकाच सावलीत आणून सोडतो.

ही गोष्ट मला त्या सकाळी नव्याने उमगली असं नाही. ती मला फार वर्षांपूर्वी सांगितली होती. ऐकली होती, पण समजली नव्हती.

माझं आजोळ रामटेक तालुक्यातलं. आबाजींच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, कोठ्यात दोन म्हशी, एक बैलजोडी आणि एखादं वासरू कायम असे. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा पोट्ट्यांचं ठरलेलं काम म्हणजे म्हशींच्या अंगावरच्या गोमाश्या मारणं. एका माशीला एक चिंचोका, असा हिशोब. मी सगळ्यात वाईट. चपळाईने हात मारायला जाई आणि म्हशीच्या पाठीवर नुसता फटका बसे. मग आबाजींनी एकदा जवळ बसवून सांगितलं, ‘उडून राह्यली तवा मारू नको पोरी. बसू दे. रगत प्यायला लागली का तिले कायचंच भान नाही राहत. तवा धर.’

त्यांचं निरीक्षण किती बारकाईचं होतं हे मोठेपणी कळलं. डास सुईसारखी बारीक नळी आत घालतो, आपल्याला बरेचदा कळतही नाही. गोमाशी तसं करत नाही. तिच्या तोंडाला पात्यांसारखे अवयव असतात. ती कातडी कापते आणि जखमेत साचलेलं रक्त चाटते. म्हणून इतकं दुखतं, आणि म्हणून ती उडाल्यावरही रक्त गळत राहतं. आणि हे सगळं करते ती फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर फुलांच्या रसावर जगतो. पाणथळीच्या काठी वाढलेल्या झाडोऱ्यावर ती अंडी घालते, अळ्या चिखलात वाढतात. म्हणजे म्हैस जिथे डुंबायला जाणार, तिथेच ती वाट पाहणार.

आबाजी म्हणत, ‘सकाळची माशी येगळी, दुपारची येगळी, दिवेलागणीची येगळी.’ कोठ्यात आणखी एक माशी असे, दिसायला हुबेहूब घरातल्या माशीसारखी, पण समोर सुईसारखी सोंड पुढे आलेली. ती गुरांच्या पायांना चावे, आमच्या घोट्यांना चावे, आणि पोट भरलं की कुडाच्या भिंतीवर सावलीत जाऊन बसे. हिच्यात नर आणि मादी दोघंही रक्त पितात. कुजलेल्या गवतात, शेणात मिसळलेल्या कडब्यात ती वाढते. म्हणून आजी रोज सकाळी कोठा झाडताना ओला कडबा खाली राहू देत नसे. ‘घाण राह्यली का माशी’ इतकंच ती म्हणे. माशीची सोंड, तिचा जन्म, तिची वाढ यातलं काही तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण उपाय नेमका होता. आजही पशुवैद्यक या माशीसाठी पहिली गोष्ट हीच सांगतात. औषधं नंतर.

संध्याकाळी कोठ्याच्या तोंडाशी एका फुटक्या घमेल्यात गोवऱ्या पेटत. त्यावर कडुनिंबाचा ओला पाला, कधी वाळलेल्या संत्र्याच्या साली. दाट, पिवळट धूर आत शिरे आणि म्हशी आपणहून त्या बाजूला सरकत. मला तेव्हा त्याचं नवल वाटे. आमचे डोळे चुरचुरायचे, आणि ते जनावर मात्र धुरात नाक घालून शांत उभं. शेपटी थांबलेली, कान खाली आलेले. तिला काय निवडायचं आहे ते तिने निवडलेलं असे.

गोमाशी हा केवळ वैताग नाही. शेजारच्यांचा एक बैल एका उन्हाळ्यात जागच्या जागी गोल गोल फिरायला लागला होता. ताप यायचा, उतरायचा, पुन्हा यायचा. डॉक्टर येऊन म्हणाले, सर्रा. रक्तात एक सूक्ष्म परजीवी शिरतो आणि एका जनावराकडून दुसऱ्याकडे तो गोमाशीच्या तोंडाला लागलेल्या रक्तातून जातो. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या ब्रिटिश पशुवैद्यकाने 1880 साली डेरा इस्माईल खान इथे घोड्या-उंटांच्या रक्तात तो पाहिला, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावात इव्हान्स आहे. पुढे सव्वाशे वर्षं हा गुरांचा, घोड्यांचा, उंटांचा आजार म्हणूनच ओळखला गेला. माणसाच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते या परजीवीला मारून टाकतं. मग 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला थांबून थांबून ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात हाच परजीवी सापडला. माणसातली ही भारतातली पहिली नोंद नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी 2005 मध्ये जगापुढे ठेवली. सुरामिन हे औषध मिळवून त्याच्यावर उपचार झाले, तो बरा झाला, आणि पुढे कळलं की त्याच्या रक्तात ते रक्षण करणारं प्रथिनच जन्मतः नव्हतं.

ही बातमी वाचली तेव्हा मला तो फिरणारा बैल आठवला. आपण सगळे रोज किती चावे अंगावर घेऊन निर्धास्त फिरतो, आणि ते एका प्रथिनाच्या भरवशावर! आबाजींनी आयुष्यभर उघड्या पायांनी कोठ्यात काम केलं.

दुसरी एक गोष्ट वाचली ती आबाजींना सांगायला हवी होती; तोवर ते राहिले नव्हते. जपानमधल्या संशोधकांनी काळ्या गायींच्या अंगावर पांढऱ्या रंगाने झेब्र्यासारखे पट्टे ओढले. पट्टेवाल्या गायींवर बसणाऱ्या चावऱ्या माश्या जवळजवळ निम्म्याने कमी झाल्या. 2019 मध्ये तो अभ्यास छापून आला. माशीला दुरून गडद, हलणारी, चकाकणारी वस्तू दिसते. ओल्या काळ्या म्हशीवरून परावर्तित होणारा प्रकाश तिला पाण्यासारखा खुणावतो. जवळ आल्यावर पट्ट्यांमुळे तिचा उतरण्याचा अंदाज चुकतो. पोळ्याला बैलांच्या अंगावर आमच्याकडे रंगीत ठिपके आणि ठसे उमटवतात. ते शोभेसाठीच. पण आबाजींनी ही गोष्ट ऐकली असती तर दुसऱ्याच दिवशी चुना कालवला असता, याची मला खात्री आहे.

त्या निष्कर्षाचा मी स्वतःपुरता उपयोग केला. रानात जाताना काळा, गडद निळा कपडा घालत नाही. मळकट पांढरा, खाकी, फिका हिरवा. आणि सैल. अंगाला घट्ट बसलेल्या कापडातून डासाची सोंड सहज आरपार जाते. कापड आणि कातडी यांच्यात बोटभर हवा राहिली की तिला पोचता येत नाही. पायमोजे सलवारीच्या वर ओढून घ्यायचे. हे दिसायला कसंतरी दिसतं, पण गोरेवाड्याच्या वाळल्या गवतातून एकदा चालून बघा. मोहरीच्या दाण्याहून बारीक अशी गोचिडांची पिल्लं गवताच्या टोकाला पाय पसरून बसलेली असतात आणि कापडाचा स्पर्श झाला की शेकड्याने चढतात. मोज्यावर दिसतात तरी, झटकता येतात. कातडीत रुतलेलं गोचीड चिमट्याने अगदी कातडीलगत धरून सरळ ओढायचं. काडी पेटवून चटका देणं, रॉकेल लावणं हे मी लहानपणी केलंय आणि ते चूक होतं. त्याने गोचीड उलटी करतं आणि पोटातला घाण रस जखमेत सोडतं.

पण खरी परीक्षा मचाणावर झाली.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्याशेजारच्या मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करायची, ही विदर्भातल्या जंगलांची जुनी प्रथा. पाणी आटलेलं, चंद्र पुरा. जे जनावर असेल ते पाण्यावर येणारच. पेंचच्या बाजूला एका मचाणावर मी बसले होते. सोबतीला वनखात्याचा एक तरुण कर्मचारी. चढण्याआधीच त्याने सांगितलं, ‘मॅडम, अत्तर, पावडर, मच्छरची क्रीम, वासाचं काहीच लावायचं नाही. जनावर पन्नास पावलांवरून परत जाते.’ मी क्रीमची ट्यूब पिशवीच्या तळाशी ठेवून दिली. पुढचे अठरा तास माझ्याजवळ फक्त कापड होतं.

दुपारी दोनला चढलो. पहिल्या आल्या त्या मधमाश्या. तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढ्या, काळ्या, डंख नसलेल्या. त्यांना माझा घाम हवा होता; त्यातलं मीठ आणि ओल. डोळ्यांच्या कडांना, नाकपुडीच्या तोंडाशी, कपाळावर. चावत नाहीत, टोचत नाहीत, पण सहन होत नाही. हात हलवायचा नाही, कारण हालचाल दिसते. तो मुलगा शांत बसलेला, गालावर पाच-सहा माश्या फिरतायत आणि हा डोळे मिटून. मग हळूच म्हणाला, ‘तोंडावर दुपट्टा ओढून घ्या. घाम सुकला का जातेत आपोआप.’ खरंच गेल्या. ओला पंचा मानेवर ठेवायची माझी सवय त्या दिवशी मोडली. त्या ओलीनेच त्यांना बोलावलं होतं.

चारच्या पुढे ऊन कललं आणि गोमाश्या पाण्यावर घिरट्या घालू लागल्या. साडेपाचला रानगव्यांचा कळप आला. नऊ. त्यात दोन पिल्लं. एवढ्या जवळून मी रानगवा कधी पाहिला नव्हता, आणि मी पाहत राहिले ते त्यांच्या शिंगांकडे नाही, कातडीकडे. पाणी पिता पिता खांद्यावर माशी बसली की फक्त तेवढ्याच जागची कातडी थरथरे. डोकं हलत नाही, पाय हलत नाही, पाण्यावरची नजर ढळत नाही. कातडीखालून एक लाट जाते आणि माशी उडते. गुराढोरांच्या कातडीखाली त्यासाठी स्नायूंचा एक पातळ थर असतो. माणसाकडे त्यातलं मानेवरचं थोडंसं उरलंय. आपल्याला हात आहेत, म्हणून बहुधा बाकीचं गेलं. आणि तिथे, त्या घडीला, हात वापरायला मला बंदी होती.

एका गव्याच्या पाठीवर कोतवाल पक्षी बसला होता. मधूनच उडी घेऊन हवेतला किडा टिपे आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसे. पिलांपैकी एक आईच्या शेपटीखाली तोंड घालून उभं राही. आईची शेपटी दोघांच्या अंगावरून फिरत होती.

रात्री डास आले, अर्थातच. त्यांना आपला श्वास दुरून कळतो. उच्छ्वासातल्या कार्बन डायॉक्साइडचा माग काढत ते येतात, जवळ आल्यावर घामाचा वास आणि अंगाची ऊब त्यांना वाट दाखवते. आम्ही दोघं एकमेकांपासून शक्य तितके लांब, तोंडं वाऱ्याच्या दिशेला करून बसलो. वारा असेपर्यंत बरं असतं. डासाला वाऱ्यात उडता येत नाही, आणि श्वासाचा माग वारा पुसून टाकतो. दोनच्या सुमारास वारा पडला. त्यानंतरचे दोन तास मी कसे काढले ते माझं मला माहीत. पहाटे चारला एक सांबर आलं, चांदण्यात गुडघाभर पाण्यात उभं राहिलं आणि कान फडफडवत राहिलं, एका क्षणाचीही विश्रांती न घेता. त्याचे ते कान पाहताना मला एकदम हलकं वाटलं. रात्रभर जे मला होत होतं तेच त्यालाही होत होतं.

घरी परतल्यावर अंगावरच्या गाठी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. साबणाने धुतल्या, बर्फ लावला, नखं कापून टाकली. खाज माशीच्या किंवा डासाच्या लाळेमुळे येते. रक्त गोठू नये म्हणून ती लाळ जखमेत सोडलेली असते आणि आपलं शरीर तिच्याशी भांडत असतं. खाजवलं की ते भांडण आणखी पसरतं. हे मला ठाऊक आहे आणि तरी पहाटे झोपेत माझा हात पायाकडे जातोच.

घर म्हटलं की नागपुरात उन्हाळ्यात कूलर आला. खिडकीबाहेर लोखंडी पेटी, तिला वाळ्याच्या नाहीतर गवताच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी. मेमध्ये त्या ओल्या ताट्यांवर मधमाश्या येतात. कितीतरी जण घाबरून फवारा मारतात. मारू नका, कळकळीने सांगते. त्या पाणी न्यायला आलेल्या असतात. हे पाणी त्या पोळ्यात थेंबाथेंबाने पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी उडतं आणि पोळं थंड राहतं. बाहेर 46 असताना पिल्लांच्या भोवती त्यांना 35 च्या आसपास राखायचं असतं. म्हणजे आपण ज्या रीतीने खोली थंड करतो, त्याच रीतीने त्या घर थंड करतात, आणि पाणीही आपल्याच कूलरचं. मी गेली काही वर्षं कूलरपासून लांब, गच्चीच्या कोपऱ्यात मातीच्या परळात पाणी ठेवते आणि त्यात खडे घालते, म्हणजे त्यांना बसायला जागा होते. पहिले दोन दिवस येत नाहीत. तिसऱ्या दिवशी एक येते, आणि मग रांग लागते.

टाकीतल्या पाण्याचा दुसरा भाडेकरू मात्र ठेवून घेण्यासारखा नाही. पायांवर पांढरे पट्टे असलेला तो डेंग्यूचा डास दिवसा चावतो, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला आठ-दहा दिवस पुरतात. टाकी नुसती रिकामी करून भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेलगत टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरड्यात कित्येक महिने तग धरतात; पुढच्या उन्हाळ्यात पाणी भरलं की जिवंत होतात. म्हणून घासायचं, काथ्याने, आठवड्यातून एकदा. रविवारचं माझं हे काम ठरलेलं आहे. कूलर काढून माळ्यावर टाकताना तर नक्कीच.

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात जड होतो.

या सगळ्या किड्यांत मला ज्याची खरी धास्ती वाटते तो धड दिसतही नाही. वाळूमाशी. डासाच्या चौथाईएवढी, दोन-तीन मिलिमीटरची, मातकट रंगाची, बसताना पंख पाठीवर उभे धरणारी. आवाज नाही. उडणं म्हणावं तर ते उड्या मारणं असतं, जमिनीलगत, भिंतीच्या कडेने. घराच्या भिंतीतल्या भेगा, कोठ्यातली ओलसर माती, हे तिचं ठिकाण. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रातून ती आत येते. आणि तिच्या चाव्यातून जो विषाणू मुलांच्या मेंदूपर्यंत जातो, त्याला जगभर चांदीपुरा म्हणतात. 1965 मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने तो वेगळा काढला, म्हणून आमच्या मातीतलं हे नाव. कितीतरी वर्षं कुणी त्याची फारशी दखल घेतली नाही. मग 2003 मध्ये आंध्र प्रदेशात 329 मुलं आजारी पडली, त्यातली 183 गेली. 2007 च्या पावसाळ्यात नागपूर विभागात साथ आली. 2024 मध्ये गुजरातेत. सकाळी ताप, दुपारी झटके, आणि बरेचदा दुसरा दिवस उजाडतच नाही. लस नाही, नेमकं औषध नाही. जे काही करायचं ते आधी, आणि तापात झटका येताच क्षणभरही न थांबता दवाखाना गाठायचा.

2007 च्या त्या दिवसांत आजोळी, माझ्या मामाच्या घरी, माझा मुलगा होता, सात वर्षांचा. सुट्टी संपून गेली होती, पण तो तिथे रमला म्हणून मी राहू दिलं होतं. बातम्या कानावर आल्या आणि मी बसने निघाले. रामटेकपर्यंतचा रस्ता तासाभराचा. त्या तासाभरात मी त्याच्या उघड्या पायांचा, चड्डीचा, अंगणातल्या बाजेवर झोपण्याचा विचार करत होते, ज्याचं मला तोवर फार कौतुक होतं. पोचले तर तो कोठ्यात मामासोबत चिखल तुडवत होता. आरोग्यसेविका येऊन सांगून गेली होती, आणि मामा भिंतीची एकेक भेग माती-शेणाने लिंपत होता. ‘घाबरू नको वो,’ मामा म्हणाला, ‘तापबिप नाही पोट्ट्याले. काल त्याले घरात झोपवलं, पंख्याखाली.’ मी पोराच्या कपाळाला हात लावला. गार होतं. चिखलाचे हात तसेच घेऊन तो माझ्या साडीला बिलगला.

त्या दिवशी मीही लिंपायला बसले. बोटाने भेग चाचपायची, आतली भुसभुशीत माती काढायची, ओला गोळा दाबून भरायचा. दगडी पायाजवळची एक भेग कोपरापर्यंत हात जाईल एवढी खोल होती. त्या भेगेपाशी मी बराच वेळ होते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, नागपुरात काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घालवायच्या मोठ्या मूर्तींची मिरवणूक, निघते. एकोणिसाव्या शतकापासून निघते आहे. गर्दी ओरडते, रोगराई घेऊन जा गे मारबत. आमच्या आजोळी मोठी मूर्ती नसते. पोळ्याला दारात ठेवलेल्या पळसाच्या डहाळ्या पहाटे उचलून पोरं गावाच्या शिवेकडे धावतात आणि ओरडतात, ‘माश्या, मुरकुटं, ढेकणं, मच्छर घेऊन जाय गे मारबत!’ लहानपणी मी हे मोठ्याने ओरडले आहे, पण केवळ ओरडायला मिळतं म्हणून. त्या वर्षी मुलाचा हात धरून शिवेपर्यंत गेले आणि त्या यादीतलं एकेक नाव उच्चारताना माझा आवाज फाटला. कुणीतरी, कधीतरी, एवढ्याएवढ्याशा किड्यांची नावं मोजून का घेतली असतील, हे मला तेव्हा कळलं. ज्या घरांतून मुलं गेली असतील त्या घरांनी ती घेतली असणार.

यंदा बुद्धपौर्णिमा झाल्यावर आठवड्याभराने आजोळी गेले होते. मामा आता थकला आहे, बाजेवरून फारसा उठत नाही. कोठ्यात एकच म्हैस. पण दिवे लागायच्या वेळी मामेभावाच्या बायकोने घमेलं बाहेर आणलं, गोवऱ्या मांडल्या, वर निंबाचा पाला. घरात ती लहान मुलाला कापडी बारीक विणीच्या मच्छरदाणीत झोपवते, औषध मारलेल्या. खिडकीला जाळी आहे, पंखा आहे. धूर फक्त म्हशीसाठी, आणि उघड्यावर, कारण घरात कोंडलेला धूर मुलाच्या छातीला चांगला नाही हे तिला पक्कं माहीत आहे.

मी अंगणात उभी होते, पायाला क्रीम लावलेली, दुपट्टा कानावरून. तरी घोट्याला एक चावा बसलाच. ती हसली नाही. ‘ताई, तिकडं नका उभं राहू,’ म्हणाली, ‘धुराच्या अंगाला या. म्हशीच्या बाजूनं बसा, तिले सवय आहे.’

पाट टाकून मी बसले. म्हशीने एकदा मान वळवून पाहिलं आणि पुन्हा धुरात नाक घातलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिच्या पोटाची ऊब माझ्या खांद्याला लागत होती, आणि शेपटी थांबली होती.